संगणकाची सिद्धता आणि निगा
कोकणातील प्राथमिक शिक्षकांसाठी



मृग नक्षत्र लागण्यापूर्वी कोकणातील घराघरांत आगोटीची तयारी चालते. घर शाकारले जाते, लाकूडफाटा पडवीत येतो, आमसुले, पापड आणि सुकी मासळी डब्यांत भरून ठेवली जाते, पावसाच्या अंगाला झावळ्यांचे झाप लागतात. पुढील चार महिने काय नासेल, काय टिकेल आणि ते कशाने टिकेल याचे ज्ञान आपल्या आजीकडून आईकडे आणि आईकडून आपल्याकडे आलेले आहे. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या घरात व शाळेत जी एक नवी वस्तू आली, तिच्या आगोटीचे ज्ञान आपणांस वारशाने मिळालेले नाही. ती वस्तू म्हणजे संगणक होय.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि त्याच्या सेवेस शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ यांचे एक मंडळच होते. आज त्याहून कितीतरी पटींनी समर्थ असे यंत्र आपल्या ओटीवरील मेजावर बसते. यंत्र लहान झाले, स्वस्त झाले. परंतु त्याच्याबरोबर येणारे तंत्रज्ञांचे मंडळ मात्र मागेच राहिले. यास्तव मंडणगडापासून राजापुरापर्यंतच्या गावांत त्या मंडळाचे काम आता शिक्षकालाच करावे लागते. हे काम अवघड नाही. ते कसे करावे आणि मुळात ते का करावे, एवढेच या पाठात सांगावयाचे आहे.

१. एक अनुभव

आरंभी माझ्याच चुकीचा एक प्रसंग सांगतो. समुद्रकाठच्या एका द्विशिक्षकी शाळेला मी २०१९ च्या हिवाळ्यात भेट दिली होती. तेथील मुख्याध्यापक मोठे साक्षेपी. त्यांनी मुलांकडून एक सुंदर उपक्रम करवून घेतला होता. मुलांनी आपापल्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या, भाताच्या जुन्या जातींची नावे आणि होडीच्या भागांचे शब्द गोळा केले होते. काही आज्यांचा आवाजही ध्वनिमुद्रित केला होता. हे सर्व शाळेच्या संगणकात साठविलेले होते. संगणकावर धुळीचा कण नव्हता. मी शेरेबुकात लिहिले, ‘संगणक स्वच्छ व सुस्थितीत. सुरक्षित ठेवावा.’

पुढे मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या. मुख्याध्यापकांनी माझा शेरा अक्षरशः पाळला. संगणक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांनी लोखंडी कपाटात ठेवला आणि कुलूप लावले. मध्ये दोन पावसाळे गेले. २०२१ च्या अखेरीस मी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी मोठ्या समाधानाने कपाट उघडले. “साहेब, एक ओरखडा नाही,” ते म्हणाले. खरोखरच ओरखडा नव्हता. परंतु बटण दाबले तर यंत्र चालू होईना. पेटी उघडली तेव्हा तांब्याच्या जोडांवर हिरवट थर होता, पट्ट्यांवर पांढरी भुकटी होती आणि आतल्या पंख्याची पाती आसाशी घट्ट बसली होती. हार्ड डिस्क जिल्ह्याच्या ठिकाणी जाणकाराकडे पाठविली. तिच्यातून काहीच निघाले नाही. दुसरी प्रत कोठेही नव्हती.

“गुरुजी, पुन्हा गोळा करू,” मी म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “साहेब, त्यांतल्या दोघी आता नाहीत.”

त्या दिवसापासून ‘सुरक्षित ठेवावा’ हे दोन शब्द मी शेरेबुकात लिहीत नाही. यंत्र हरवू नये, मोडू नये, जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीतील आकडा जुळावा, ही आपली काळजी चुकीची नव्हे. परंतु ती अपुरी आहे. कोकणच्या हवेत संगणक कुलपात सुरक्षित राहत नाही. तो वापरात सुरक्षित राहतो. आणि त्यातही जपावयाची वस्तू यंत्र नव्हे, तर यंत्रातील काम होय. या लेखातील सर्व सूचना या दोन वाक्यांचाच विस्तार आहेत.

२. यंत्र का बिघडते?

सूचना पाठ करण्यापेक्षा कारण समजून घेणे बरे. कारण कळले की सूचना स्वतःलाच सुचतात.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. त्यातच किनाऱ्यावरील वाऱ्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण येतात आणि धुळीबरोबर यंत्राच्या आत बसतात. आता स्वयंपाकघरातील मिठाची बरणी आठवावी. श्रावणात मिठाला पाणी सुटते, चैत्रात सुटत नाही. हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प शोषून स्वतःच विरघळू लागते. नेमके हेच संगणकाच्या पोटात घडते. कोरडी असताना निरुपद्रवी असलेली खारट धूळ पावसाळ्यात ओल्या पापुद्र्याचे रूप घेते. हा पापुद्रा वीजवाहक असतो, त्यामुळे जेथे वीज जाऊ नये तेथून ती झिरपते. आणि तो धातू खातो, त्यामुळे जोड सैल होतात.

यावर उपाय यंत्रातच आहे. चालू संगणक उष्णता बाहेर टाकतो. त्या उष्णतेने आतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा काही अंश उबदार राहते आणि उबदार हवेची सापेक्ष आर्द्रता कमी होते. म्हणजे संगणक स्वतःला स्वतःच सुकवितो. मात्र आपण त्याला चालू केले तर! विहिरीवरचा पंप फार दिवस बंद राहिला की अडतो, पेटी वाजविली नाही की तिच्या भात्याला कसर लागते, हे आपण जाणतो. संगणकाची गोष्ट निराळी नाही.

प्लास्टिकचे आवरण का घातक ठरले, हेही आता ध्यानात येईल. प्लास्टिक बाहेरचे पाणी अडविते, परंतु आत कोंडलेले बाष्पही बाहेर जाऊ देत नाही. दिवसा तापून रात्री निवणाऱ्या लोखंडी कपाटात ते बाष्प थेंब होऊन यंत्रावरच बसते.

३. सिद्धता : जागा आणि जोडणी

नवा संगणक घरी किंवा शाळेत आला की प्रथम जागा ठरवावी. पुढील गोष्टी पाहाव्यात.

अ) पावसाच्या अंगाची भिंत टाळावी. जांभ्या दगडाची भिंत आषाढात ओल धरते. मेज भिंतीपासून निदान एक वीत दूर असावे, म्हणजे यंत्रामागून हवा खेळेल.

आ) वर कौले असल्यास गेल्या वर्षी कोठे गळले होते ते आठवावे. पागोळीचे शिंतोडे खिडकीतून कोठपर्यंत येतात तेही पाहावे.

इ) सीपीयूची पेटी जमिनीवर ठेवू नये. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवरची धूळ पंखा प्रथम ओढतो, आणि पाणी शिरले तर तेही प्रथम तेथेच येते.

ई) पेटीच्या मागील मोकळ्या फटी पत्र्याच्या पट्ट्यांनी बंद असाव्यात. उबेसाठी मुंग्या व पाली आत शिरतात. उंदीर तारा कुरतडतात. मेजावर खाऊचे डबे ठेवू नयेत.

जागेनंतर वीज. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ या मानाने मिळते; परंतु वादळात तिचा दाब खालीवर होतो. म्हणून यूपीएस आवश्यक समजावा. त्याहूनही आवश्यक म्हणजे अर्थिंग. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जागेत कसाबसा बसविणे हा आपल्याकडील सार्वत्रिक दोष आहे. तो कटाक्षाने टाळावा. पेटीच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर अर्थिंग नाही असे समजून यंत्र तत्काळ बंद करावे. आपल्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात ओल टिकत नाही, त्यामुळे अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून निकामी होतो. नेमका वळवाच्या विजांचा काळही तोच. यास्तव मार्च ते मे या काळात खड्ड्यात वरचेवर पाणी घालावे आणि वर्षातून एकदा परवानाधारक वीजतंत्रीकडून तपासणी करून घ्यावी. हे काम शिक्षकाने स्वतः करू नये.

संगणक प्रथम चालू केल्यावर तारीख व वेळ बरोबर लावावी, पासवर्ड ठरवावा, आणि यंत्राचा अनुक्रमांक, खरेदीची पावती व हमीची मुदत यांची नोंद एका वहीत करावी. ही वही म्हणजे संगणकाची रोजनिशी होय. पुढे प्रत्येक दुरुस्ती, प्रत्येक बदल आणि प्रत्येक प्रत काढल्याचा दिवस तिच्यात लिहावा. गुरुजींची बदली झाली तरी वही शाळेत राहते.

४. आठवड्याचा व वर्षाचा क्रम

पावसाळ्यात संगणक आठवड्यातून निदान दोनदा, प्रत्येक वेळी तासभर तरी चालवावा. चालविण्यासाठी निमित्त शोधावे लागू नये. मुलांना त्यावर काम द्यावे. काम संपल्यावर यंत्र रीतसर बंद करावे, निवू द्यावे आणि मग वर सुती कापड टाकावे. गरम यंत्रावर लगेच झाकण घालू नये.

वीज गेली तर मुख्य बटण बंद करून ठेवावे. वीज परत येते तो क्षण धोक्याचा असतो. ती आल्यावर चार-पाच मिनिटे थांबून मग यंत्र चालू करावे.

यूपीएसमधील शिशाची बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते, आणि फार दिवस उतरलेली राहिली तर कायमची मरते. म्हणून महिन्यातून एकदा ती पूर्ण भरावी. त्याच दिवशी चालू काम साठवून घ्यावे, मुख्य वीज बंद करावी आणि यूपीएस किती मिनिटे तग धरतो ते वहीत लिहावे. दोन-चार मिनिटेही तग धरीत नसेल, तर बॅटरी बदलण्याची वेळ आली. लॅपटॉप काही आठवडे बंद राहणार असेल, तर त्याची बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये. सुमारे निम्मी भरलेली ठेवावी. बॅटरी फुगलेली दिसली की तो लॅपटॉप वापरू नये व चार्जिंगलाही लावू नये.

आपले शालेय वर्ष आणि संगणकाचे वर्ष यांत एक विसंगती आहे, तिकडे विशेष लक्ष वेधतो. उन्हाळी सुटीत शाळा बंद असते, आणि नेमक्या मे महिन्यात वळवाच्या विजा पडतात. गणपतीत शाळा पुन्हा बंद असते, आणि तेव्हा ओल भरपूर असते. म्हणजे यंत्राला माणसाची सर्वांत अधिक गरज असते तेव्हाच शाळेत माणूस नसतो. म्हणून सुटीपूर्वी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, सर्व प्लग भिंतीतून काढावेत. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. इंटरनेटची तारही काढावी, कारण त्या वाटेनेही वीज येते. दुसरी, सुटीत आठवड्यातून एकदा संगणक चालविण्याचे काम गावातील एखाद्या शिक्षकाकडे किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याकडे नावानिशी सोपवावे आणि तशी नोंद करावी. ‘सर्वांनी लक्ष ठेवावे’ असे ठरले म्हणजे कोणीच लक्ष ठेवीत नाही.

आकाशात विजा चमकू लागल्यावर प्लग काढण्यास धावू नये. त्यात जिवास धोका आहे. ढग जमू लागताच, गडगडाट दूर असतानाच हे काम उरकावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेच्या पूर्वसूचनेसाठी ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील ॲप तयार केले आहे. ते प्रत्येक शिक्षकाजवळ असणे इष्ट.

५. स्वच्छता

वर्षातून दोनदा, म्हणजे मेच्या आरंभी व दिवाळीच्या सुटीनंतर, यंत्र आतून स्वच्छ करावे. क्रम असा :

पहिले, यंत्र बंद करून सर्व तारा काढाव्यात. मग चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. दुसरे, पेटी पडवीत किंवा उजेडाच्या कोरड्या जागी आणून बाजूचा पत्रा उघडावा. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. तिसरे, मऊ कोरड्या ब्रशने लाल धूळ सैल करावी आणि हवेच्या भात्याने किंवा ब्लोअरने दुरून उडवावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. ती वेगाने फिरू देऊ नयेत. चौथे, स्मृतिपट्टी, म्हणजे रॅम, काढून तिचे सोनेरी काठ कोरड्या सुती कापडाने हलक्या हाताने पुसावेत आणि ती पुन्हा नीट बसवावी. पावसाळ्यात यंत्र नुसते शिट्या मारते व पडदा काळा राहतो, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

तीन गोष्टी मात्र कधीही करू नयेत. तोंडाने फुंकू नये, कारण श्वासात बाष्प असते. वीजपुरवठ्याची बंद पेटी उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक वीज साठून राहू शकते. आणि हार्ड डिस्क उघडू नये. आत गेलेला धुळीचा एक कणही तिचा नाश करण्यास पुरेसा असतो.

आणखी एक लक्षण ओळखून ठेवावे. संगणक चालू करताच काही वर्षांपूर्वीची तारीख दिसू लागली, तर मुख्य पट्टीवरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली असे समजावे. तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. तारीख चुकीची असेल तर इंटरनेटवरील अनेक संकेतस्थळेही उघडत नाहीत. शिक्षक ‘नेट बंद आहे’ म्हणून दिवसभर वाट पाहतात आणि दोष असतो त्या लहानशा नाण्यात.

६. आतील ठेवा : प्रती काढणे

येथपर्यंत यंत्राची निगा झाली. परंतु कितीही निगा राखली तरी यंत्र एक ना एक दिवस बिघडणारच. म्हणून खरी निगा प्रतींची होय. त्या द्विशिक्षकी शाळेत यंत्र गेले याचे मला तितके दुःख नाही. यंत्र पुन्हा मिळते. दुसरी प्रत नव्हती, हे दुःख आहे.

नियम सोपा आहे : प्रत्येक महत्त्वाच्या कामाच्या तीन प्रती असाव्यात, त्या निदान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी असावी. एक प्रत संगणकात; दुसरी बाहेरील हार्ड डिस्कवर; तिसरी इंटरनेटवरील साठ्यात, किंवा ते शक्य नसेल तर दुसऱ्या गावी राहणाऱ्या सहशिक्षकाच्या घरी. आपले वाडवडील महत्त्वाचे कागद एका पेटीत आणि त्यांच्या नकला दुसऱ्या घरी ठेवीत, त्यातलाच हा प्रकार. केवळ पेनड्राइव्हवर विसंबू नये. तो ने-आणीसाठी आहे, साठवणीसाठी नव्हे. बाहेरील हार्ड डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

प्रत काढली म्हणजे काम संपले असे समजू नये. महिन्यातून एकदा प्रतीतील एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, ती केवळ समजूत आहे.

याबरोबरच एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. पुष्कळ शिक्षक शाळेची माहिती घरच्या संगणकावर भरतात. तिच्यात मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक असतात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे. परंतु कायदा नसता तरी मुलांची माहिती ही आपल्याकडील ठेव आहे. घरच्या संगणकावर शाळेच्या कामासाठी वेगळे खाते व वेगळा पासवर्ड ठेवावा. पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवू नये. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, आम्ही दुरुस्त करतो’ असे दूरध्वनीवरून सांगणाऱ्याच्या सांगण्यावरून यंत्रात काहीही उतरवू नये. आर्थिक फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

७. प्रणाली व लिपी

यंत्राला चालविणारी प्रणालीही जुनी होते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. आधार संपला म्हणजे यंत्र बंद पडते असे नाही. परंतु नव्याने सापडलेली छिद्रे बुजविणारा कारागीर येईनासा होतो. अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही. अशी यंत्रे निर्लेखित करण्यापूर्वी त्यांच्यावर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली बसवून पाहावी. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स प्रणाली तयार केलेली आहे. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यास दहा वर्षांचे यंत्रही पुन्हा तरतरीत होते. हा बदल करण्यापूर्वी प्रती काढावयाच्या, हे आता निराळे सांगावयास नको.

मराठी मजकुराविषयी एक सूचना. पूर्वी आपण निरनिराळ्या फाँटांत मजकूर लिहीत असू. तो फाँट ज्या यंत्रात नसेल तेथे तोच मजकूर रोमन अक्षरे व चिन्हे यांचा अर्थहीन ढीग होऊन दिसतो. म्हणजे फाइल टिकली आणि मजकूर गेला! युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग आहे आणि प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरावीक क्रमांक आहे. त्यामुळे मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येतो. यास्तव नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहावा आणि जुने निकाल, स्नेहसंमेलनांची भाषणे, मुलांचे निबंध यांचे रूपांतर सवडीने करून घ्यावे.

८. पूर आल्यास

वाशिष्ठी, जगबुडी, शास्त्री व अर्जुना या नद्यांच्या काठच्या शाळांना हे प्रकरण परके नाही. चिपळुणात २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही दिवशी घराघरांत पाणी शिरले. नदीकाठच्या गावात संगणक शक्यतो वरच्या मजल्यावर असावा. तो नसेल तर पाऊस वाढताच प्रथम बाहेरील हार्ड डिस्क, मग सीपीयू, मग मॉनिटर, या क्रमाने उंच जागी हलवावे. पाण्यात उतरून वीजसाधनांना हात लावू नये.

यंत्र बुडालेच तर ते चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. पुष्कळदा पाणी यंत्र मारीत नाही. ओल्या यंत्रात सोडलेली वीज त्याला मारते. यंत्र तसेच जाणकाराकडे न्यावे. आत महत्त्वाचा मजकूर असेल तर तसे आरंभीच सांगावे.

९. वर्गात घेण्याजोगे तीन पाठ

ही निगा केवळ शिक्षकाने राखावी असे नाही. तिच्यातून परिसर अभ्यासाचे व विज्ञानाचे उत्तम पाठ घेता येतात.

पाठ पहिला : श्रावणात एक चमचा जाडे मीठ उघड्या बशीत व एक चमचा घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावे. दोहोंत रोज काय फरक पडतो ते मुलांनी आठवडाभर लिहावे.

पाठ दुसरा : तीन खिळे घ्यावेत. एक कोरड्या बंद बाटलीत, दुसरा साध्या पाण्यात अर्धा बुडवून, तिसरा मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवून ठेवावा. कोणता अधिक गंजतो ते पाहावे. मग होडीच्या व दाराच्या खिळ्यांविषयी घरी विचारून यावे.

पाठ तिसरा : हा वर्गाच्या आत बसूनच घ्यावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाज तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो. म्हणून सेकंदांना तीनने भागावे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. मैदानात असू तर त्याआधीच आत आले पाहिजे.

चौथी किंवा पाचवीतील दोन मुलांकडे पाळीपाळीने संगणकाची रोजनिशी द्यावी. तारीख, चालविल्याची वेळ, काढलेली प्रत एवढे त्यांनी लिहावे. मुलाच्या हाती यंत्र दिले तर ते मोडेल अशी आपल्याला भीती वाटते. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मुलांनी मोडलेले संगणक मी फार थोडे पाहिले; कुलपात कुजलेले मात्र पुष्कळ पाहिले.

१०. समारोप

त्या द्विशिक्षकी शाळेला पुढे दुसरा संगणक मिळाला. मुख्याध्यापकांनी तो कपाटात ठेवला नाही. वर्गातच, ओलीच्या भिंतीपासून दूर, उंच मेजावर मांडला. मुले पुन्हा गावातील आज्यांकडे गेली. जे गेले ते सर्व परत आले नाही. परंतु जे मिळाले त्याच्या तीन प्रती आहेत, आणि एक प्रत मी स्वतः माझ्या घरी ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ती उघडतो. एक आजी भाताच्या जातींची नावे सांगत असते, मध्येच थांबते आणि नातीला म्हणते, “लिहिलंस ना गो?” ती फाइल उघडते आहे याची खात्री झाली की मी वहीत तारीख टाकतो.

यंदाच्या आगोटीपूर्वी आपणही आपले कपाट उघडावे, ही विनंती.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील संगणक गेल्या पावसाळ्यात किती दिवस चालविला? तसे न करण्याची कारणे कोणती?
२. आपल्या शाळेत पुन्हा मिळविता येणार नाही असा कोणता मजकूर संगणकात आहे? त्याच्या प्रती कोठे आहेत? त्यांतील एक प्रत शेवटी केव्हा उघडून पाहिली?
३. उन्हाळी व गणपतीच्या सुटीत संगणक चालविण्याची जबाबदारी कोणाकडे आहे? त्याची लेखी नोंद आहे काय?
४. शाळेच्या अर्थिंगची शेवटची तपासणी कोणत्या तारखेस झाली?